सायबर चोरांना डोमेन मिळतात कुठून? आणि ती लगेच बंद का होत नाहीत?

चोरायला लागतच नाहीत हो, सरळ विकत मिळतात. डोमेन म्हणजे साइटचा पत्ता, हजाराच्या आसपास पैसे भरायचे, पाच मिनिटांत नाव तुमचं. मध्यंतरी तर डॉट टीके, डॉट एमएल असली नावं फ्रीनॉम नावाच्या कंपनीवाले फुकट वाटायचे, फिशिंगवाल्यांची, म्हणजे खोट्या साइटवरून पासवर्ड उकळणाऱ्यांची, नुसती चंगळ होती, शेवटी फेसबुकवाल्या मेटानं कोर्टात खेचलं आणि 2024 ला त्यांनी या धंद्यातून बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं. बाकी स्पेलिंगमध्ये एमच्या जागी तसेच दिसणारे आर-एन चिकटवायचे, बँकेच्या नावापुढे केवायसी लावायचं, हे प्रकार सगळ्यांना माहितीयेत, त्यात वेळ घालवत नाही. मला बोलायचंय ते आपणच सोडून दिलेल्या डोमेनबद्दल, कारण ते मी जवळून बघितलंय आणि अजून डोकं फिरतं.

मी एका शिक्षण संस्थेच्या ऑफिसात होतो, कॉम्प्युटरचं जे काय असेल ते माझ्या गळ्यात. संस्थेचं जुनं डॉट कॉम कुणा माजी विद्यार्थ्यानं स्वतःच्या ईमेलवरून घेतलेलं, तो गेला परदेशात, रिन्यूअलची पत्रं त्याच्या बंद पडलेल्या इनबॉक्समध्ये. दरम्यान संस्थेनं नवं डॉट इन घेतलं. मी खजिनदारांना म्हटलं, साहेब नवं घेतलं ते चांगलंच, पण जुनंही त्या पोराकडून आपल्या नावावर करून चालू ठेवू. तर म्हणाले, "दोन दोन गाड्यांत पेट्रोल कोण घालणार?" गॅदरिंगच्या मंडपावर किती जातात ते मी तेव्हा काढलं नाही, आता काढतो.

डॉट कॉमची मुदत संपली की विकणारी कंपनी जास्तीत जास्त 45 दिवस थांबते, मग 30 दिवस दंड भरून सोडवता येतं, मग 5 दिवस कुणालाच काही करता येत नाही आणि त्यानंतर नाव बाजारात मोकळं. ते मोकळं होण्याची वाट बघत प्रोग्रॅम लावून बसलेले लोक असतात. त्यांना तुमच्या शाळेशी घेणंदेणं नसतं, त्यांना हवं असतं ते जुनेपण, म्हणजे विद्यापीठाच्या यादीत लिंक आहे, पेपरच्या बातमीत आहे, गुगलचा भरवसा बसलेला आहे.

आमचं नाव गेलं आणि गंमत म्हणजे साइट परत दिसायला लागली! इमारतीचा फोटो, संस्थापकांचा हार घातलेला फोटो, 'आमच्याविषयी', सगळं जसंच्या तसं, जुन्या साइटच्या प्रती जपणाऱ्या इंटरनेट अर्काइव्हवरून उचललेलं. इकडे पालक ओरडतायत की शाळेचं नाव गुगलवर टाकून उघडलं की रमीचा बोनस येतो. मी खजिनदारांना सांगितलं तर त्यांनी माझ्यासमोर डेस्कटॉपवर पत्ता टाइप केला, साइट व्यवस्थित उघडली, आणि वर मलाच ऐकवलं, "बघा, पैसे न भरता चालतंय की, त्या पालकांचे मोबाइलच खराब असतील." आता यांना कसं समजवायचं, की माणूस मोबाइलवर गुगलमधून आला तर जुगार दाखवायचा आणि पत्ता टाइप करून आला तर शाळा दाखवायची ही सेटिंग मुद्दाम केलेली असते, म्हणजे मालक तपासायला आला की सगळं आलबेल! मी त्यांच्याच फोनवर गुगलमधून उघडून दाखवलं तेव्हा म्हणाले, "व्हायरस असेल."

आणि जुगार परवडला, मेल त्याहून वाईट. डोमेन ज्याचं त्याची त्यावर येणारी सगळी मेल. आमच्या फेसबुक पेजला जुन्याच डोमेनचा ऑफिसचा मेल जोडलेला होता. समोरच्यानं 'पासवर्ड विसरलात' दाबलं, लिंक त्याच्याच हातात, पेज गेलं. हॅकिंग वगैरे काही नाही.

"आपण लहान माणसं, आपलं कोण नेणार" हेही ऐकून घेतलंय. मोठ्यांचंही जातं की! डॉट मोबीवाली नावं कुणाच्या मालकीची ते सांगणारा अख्खा हूइज सर्व्हर ज्या जुन्या नावावर होता ते नाव त्यांनी सोडून दिलं, 2024 ला सुरक्षा संशोधकांनी ते 20 डॉलरला घेतलं तर 1,35,000 च्या वर सिस्टिम अजून तिथेच विचारायला येत होत्या, त्यात सरकारी आणि लष्करीसुद्धा. बरं झालं त्यांनी घेतलं. पॉलिफिल म्हणजे असंख्य साइट वापरायच्या तो तयार कोड, त्याचं डोमेन त्याच वर्षी विकलं गेलं आणि घेणाऱ्यानं लाखभर साइटवर घाण सोडली.

बंद का होत नाहीत तर, नाव घेणं गुन्हा नाही. फिशिंगचा पुरावा दिला तर विकणाऱ्या कंपनीला हालचाल करावी लागते, डोमेनचा जगभरचा कारभार बघणाऱ्या आयकॅननं एप्रिल 2024 पासून करारातच घातलंय, पण नुसता जुगार दाखवला तर हात वर. नाव परत मिळवायचं तर यूडीआरपी, म्हणजे डोमेनच्या भांडणाची तक्रार, त्याची वायपो या आंतरराष्ट्रीय संस्थेकडची फी 1500 डॉलरपासून, वकील वेगळा, आणि नावावरचा हक्क तुम्ही सिद्ध करायचा. त्या पैशात जुनं डोमेन माझ्या नातवापर्यंत चाललं असतं.

म्हणून सांगतो, डोमेन संस्थेच्या नावावर, संस्थेच्या मेलवर, ऑटो रिन्यू चालू, आणि साइट बदलली तरी जुनं नाव सोडायचं नाही. आता रिझर्व्ह बँकेनं बँकांना डॉट बँक डॉट इन वर जायला लावलंय, ते उत्तमच, पण एखाद्या बँकेतही आमच्यासारखे खजिनदार असतील तर जुन्या नावाचं काय करतील देव जाणे.

हां, 45 दिवस प्रत्येक कंपनी देतेच असं नाही, काही जण महिनाभरातच लिलावाला काढतात. आणि प्रश्न विचारणाऱ्या भाऊंचे पैसे गेले असतील तर हे वाचत बसू नका, आधी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा.