पुण्याच्या कॉलेजात प्रवेशाची मुलाखत आहे. काय घालावं, काय बोलावं? वडील शेतकरी आहेत हे सांगावं का?

भाऊ, तू लिहिलंयस की जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्यातला आहेस, घरची केळीची शेती आहे, बारावी झाली, पुण्याच्या एका खासगी विद्यापीठातून मुलाखतीचं बोलावणं आलंय. ब्लेझर घ्यावा का असं विचारतोस. क्लासचे सर म्हणतात, वडिलांचं काम ‘अ‍ॅग्री बिझनेस’ सांग, केळीचं नाव काढू नकोस. त्या सरांचा सल्ला वाचला म्हणूनच लिहायला बसलो.

आधी कपडे. ब्लेझर नको. भाड्याचा ब्लेझर खांद्यात सैल असतो, आणि उन्हाळ्यात आत शर्ट भिजून चिकटतो. फिकट निळा किंवा पांढरा पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट आणि गडद पँट पुरे. शिवून घेणार असशील तर ३६ इंची पन्ह्याचं (रुंदीचं) सव्वादोन मीटर कापड शर्टाला, ५८ इंचीचं सव्वा मीटर पँटीला. उंच असशील तर थोडं जास्त घे. सुती कापड शिवायच्या आधी पाण्यातून काढ, नाहीतर पहिल्याच धुण्यात बाह्या मनगटाच्या वर जातात. बूट नवे असतील तर आठ दिवस आधीपासून घरात घाल. मोजे गडद आणि लांब हवेत, आखूड मोज्यात खुर्चीवर बसलं की पोटरी दिसते. रात्रीच्या गाडीत हे कपडे अंगावर नकोत. वाकडेवाडीच्या एसटी स्टँडवर उतरलास की आवरून मग बदल. मुलींना साधा सुती सलवार-कमीज चालतो; ओढणीला दोन्ही खांद्यांवर पिना लावाव्यात आणि टेबलावर वाजणाऱ्या बांगड्या काढून ठेवाव्यात.

आता केळी.

मुलाखतीत तुझ्या उत्तरातला एखादा शब्द धरूनच पुढचा प्रश्न येतो. ‘अ‍ॅग्री बिझनेस’ म्हणालास की विचारतील, उलाढाल किती, माणसं किती कामाला, माल कुणाला देता. तू तिथेच अडकशील, कारण ते वाक्य पाठ केलेलं आहे. ज्या शब्दामागे चार प्रश्न आले तरी बोलता येईल असाच शब्द तोंडातून काढायचा. तुझ्यासाठी तो शब्द केळी आहे.

एकरी झाडं किती? पाच बाय पाच फुटांवर लागवड असेल तर ४३,५६० भागिले २५, म्हणजे १,७४२. पाणी किती? भर उन्हाळ्यात झाडाला दिवसाला साधारण २० लिटर धर, एकराला जवळजवळ ३५ हजार लिटर झालं. ताशी ४ लिटरचे दोन ड्रिपर झाडाला असतील तर अडीच तास लागतात. वीज मिळते ठरावीक तास, तीही कधी रात्रीच्या पाळीला, मग तीन एकर कसं भिजवायचं? व्हॉल्व्ह बदलून पाळ्या कशा लावता ते सांगायला लागलास की पाणी, वीज आणि गणित सगळं एकाच उत्तरात येतं.

तू कोणता विषय मागितलायस ते लिहिलं नाहीस. जीवशास्त्राकडचा असेल तर हरण्यावर, म्हणजे केळीवरच्या विषाणूजन्य रोगावर, बोल. तो विषाणू मावा पसरवतो, काकडी-भोपळ्याच्या वेलांवरही तो जगतो, म्हणून केळीत किंवा बांधाला ही पिकं घेऊ नयेत. अर्थशास्त्र असेल तर बोर्डावर जाहीर झालेला भाव आणि व्यापाऱ्याने प्रत्यक्ष हातात ठेवलेला भाव यातला फरक सांग. मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीची लागवड) आणि कांदेबाग (पावसाळ्यानंतरची लागवड) वेगवेगळ्या वेळी कटाईला का येतात, त्यावर भाव कसा हलतो, हेही सांग. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याचा तुमच्या घरच्या भावात काही फरक पडला का, हे वडिलांना विचारून जा.

आज रात्रीच वही घेऊन त्यांच्याशेजारी बस. रोपाचा दर, ठिबकाचा खर्च, घडाचं सरासरी वजन, मागच्या वादळात किती झाडं पडली, सगळं लिहून घे. ऐकीव आकडे नेऊ नकोस, तुमच्या शेताचे ने.

दोन चुका मात्र हमखास होतात. केळीवर बोलायला लागला की पोरगा थांबत नाही. एका उत्तराला दीड मिनिट पुरे, मग गप्प बस. दुसरी चूक म्हणजे गरिबीचं गाऱ्हाणं. वडिलांनी कर्ज फेडलं असेल तर कसं फेडलं ते सांग, डोळ्यांत पाणी आणून जागा मागू नकोस.

बोलीची लाज बाळगू नकोस. घाईत ‘केयी’ निघून गेलं तर निघू दे, ‘ळ’चा ‘य’ झाला म्हणून कुणी प्रवेश नाकारत नाही. जळगावच्या विद्यापीठाला २०१८ मध्ये ज्यांचं नाव दिलं त्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यांची कविता घरच्याच बोलीत आहे. इंग्रजीत वाक्य अडलं तर सरळ विचार, हे मराठीत किंवा हिंदीत सांगू का? अवघड इंग्रजी शब्द चुकीच्या जागी वापरण्यापेक्षा हे बरं. पोरांना बापाचं काम लपवायला शिकवतात ना, तिथून पुढे ते पोरगं प्रत्येक उत्तरात काहीतरी लपवत बसतं आणि समोरच्याला ते दिसतं.

‘हेच कॉलेज का?’ हा प्रश्न येणारच. पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम वाचून त्यातल्या दोन विषयांची नावं आणि तेच का, एवढं तयार ठेव.

हे सगळं पदवी प्रवेशाचं झालं. एमबीएच्या मुलाखतीला बहुतेक जण ब्लेझर घालून येतात, तिथे तो अंगावर बसणारा असेल तर घालावा. इंजिनीअरिंगच्या कॅप (केंद्रीभूत प्रवेश) फेरीत मुलाखत नसते, तिथे प्रवेश परीक्षेतले गुण आणि कागदपत्रंच बघतात. आणि मुलाखत ऑनलाइन ठरली तर बारीक रेघांचा शर्ट नको, कॅमेऱ्यात त्या रेघा लहरतात. खिडकीकडे तोंड करून बस, पाठ करून नको. गावात वीज कधी जाते ते आधी बघून ठेव, आणि दुसऱ्या कंपनीचं सिम असलेला फोन चार्ज करून जवळ ठेव.