आधी त्या आईवर विश्वास ठेव

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. तालुक्याच्या गट साधन केंद्रात दिव्यांग मुलांसाठीची विशेष शिक्षिका म्हणून तू रुजू झालीस आणि पहिल्याच महिन्यात तुझ्या हाती मुलांची यादी, शाळाभेटींचं वेळापत्रक आणि भरायच्या फॉर्मांचा गठ्ठा पडला. यादीतल्या निम्म्या मुलांपुढे ऑटिझम (स्वमग्नता), अतिचंचलता, अध्ययन अक्षमता असं काहीबाही लिहिलेलं आहे, काहींच्या पुढे नुसतं प्रश्नचिन्ह. सुरुवात कुठून करू, असं विचारलंस. फॉर्म भरावेच लागतील, त्यातून सुटका नाही. पण माझं ऐकशील तर सुरुवात मुलाच्या आईचं ऐकून घेण्यापासून कर. आणि ती जे सांगेल ते खरं धरून चाल.

प्रत्यक्षात घरी गेल्यावर काय होतं ते बघशील. खुर्ची पुढे येते, चहा येतो, आणि बोलायला बसतात आजी, आजोबा, एखादे चुलते. "त्याचा बापसुद्धा पाच वर्षांचा होईस्तोवर बोलत नव्हता." "आमच्यात असलं कुणी नाही, हिच्या माहेरी कुणी असलं तर माहीत नाही." आई स्वयंपाकघराच्या दारात उभी असते. ती तोंड उघडते ते तू चपला घालून अंगणात उतरल्यावर, गाडीपर्यंत सोडायला येते तेव्हा. म्हणून निघायची घाई करू नकोस. दुसऱ्या खेपेला जा, तेव्हा भांडी घासताना, शेळीला पाला टाकताना तिच्याशेजारी बस. आणि पहिला प्रश्न "त्याला काय येत नाही?" हा विचारू नकोस. तो तिला डॉक्टरांनी विचारलेला असतो, शाळेने विचारलेला असतो, सासरच्यांनी तर रोजच. "त्याला काय आवडतं?" असं विचार. कित्येक आया हा प्रश्न ऐकून आधी गप्प होतात, कारण कुणी विचारलेलाच नसतो. मग सांगायला लागतात, आणि त्या सांगण्यातच तुला पुढच्या वर्षभराचं काम सापडतं.

आईला दोष देण्याची खोड फक्त आपल्याकडची नाही, हे तुला माहीत असावं. 1943 साली अमेरिकेत लिओ कॅनर यांनी 11 मुलांचं वर्णन करून ऑटिझमची ओळख वैद्यकाला करून दिली. त्यानंतरची दोन दशकं तिथे असं मानलं जात होतं की मायेचा ओलावा नसलेल्या आयांमुळे मुलं अशी होतात. ब्रुनो बेटलहाइम यांच्यासारख्या नावाजलेल्या माणसांनी हे लोकांच्या गळी उतरवलं. बर्नार्ड रिमलँड हे मानसशास्त्रज्ञ स्वतः एका ऑटिस्टिक मुलाचे वडील होते. त्यांनी 1964 मध्ये साधार मांडलं की हा मेंदूच्या घडणीतला फरक आहे, आईच्या वागण्याचा परिणाम नव्हे. पण तोवर किती जणींनी ते ओझं वाहिलं असेल! आपल्याकडे आज त्याच आरोपाने नवे कपडे घातलेत. "मोबाइल हातात दिला म्हणून झालं." "एकटं मूल, लाडावलं." "ही नोकरीला जाते ना." जास्त मोबाइल कुठल्याच लहान मुलाच्या झोपेला आणि बोलण्याला चांगला नाही, हे जरूर सांग. पण मोबाइलमुळे ऑटिझम होत नाही, हेही त्याच दमात, आजीसमोर, मोठ्याने सांग. तुझ्या तोंडून, शाळेच्या बाईंच्या तोंडून, ते वाक्य त्या घरात ऐकू येणं फार मोलाचं आहे.

आईवर विश्वास ठेव हे मी का घोकते आहे, ते एका नेहमीच्या प्रसंगाने सांगते. तिसरी-चौथीतली मुलगी. वर्गात शांत. वही नीटनेटकी, बाईंनी सांगितलं की करते, मैत्रिणी हसल्या की हसते. आई येऊन सांगते, "घरी आली की दप्तर फेकते, तासभर रडते, लहान भावाला ओरबाडते." वर्गशिक्षिका म्हणते, "शाळेत तर छान असते. घरीच काहीतरी असेल." संपलं! आईवर पुन्हा खापर. खरं पाहिलं तर ती मुलगी शाळेचे पाच-सहा तास दुसऱ्या मुलींकडे बघून बघून त्यांच्यासारखं वागत असते. कधी हसायचं, किती वेळ बघायचं, हात कुठे ठेवायचे, सगळं जपून. कलकल सोसते, उदबत्तीचा वास सोसते, बाकावर शेजारणीचा कोपर लागतो तो सोसते. घर ही तिची एकमेव सुरक्षित जागा, म्हणून सगळं तिथे बाहेर पडतं. अशा मुलींच्या ऑटिझमचं निदान मुलग्यांच्या मानाने उशिरा होतं, कित्येकींचं होतच नाही, कारण त्या कुणाला त्रास देत नाहीत. तेव्हा "शाळेत छान असते" हे ऐकलंस की तिथे थांबू नकोस. मधल्या सुट्टीत ती कुठे असते ते जाऊन बघ. शाळा सुटल्यावर पहिला अर्धा तास घरी तिला कुणी काही विचारू नये, एवढं आईशी ठरव. "आज काय शिकवलं?" सुद्धा नको. खाणं समोर ठेवायचं आणि तिला तिच्या कोपऱ्यात बसू द्यायचं. एवढ्यानेही फरक पडलेला मी पाहिला आहे.

आता मुलाच्या वागण्याबद्दल. ते वागणं म्हणजे त्याचं बोलणं आहे असं धर, आणि कारण सापडेपर्यंत "हट्टी", "आगाऊ" हे शब्द कागदावर लिहू नकोस. एका वस्तीशाळेत दुसरीतला एक मुलगा दर तासाच्या शेवटी बाकाखाली जाऊन बसायचा. कान दाबून, डोळे मिटून. गुरुजींना वाटायचं अभ्यास टाळतो. त्या शाळेत घंटा म्हणून रेल्वेच्या रुळाचा तुकडा टांगलेला होता, आणि तो नेमका त्याच्या खिडकीबाहेर. इतर मुलांना ती घंटा म्हणजे सुटका. त्याला तो आवाज डोक्यात घण बसल्यासारखा लागायचा, आणि कधी बसेल ते कळत नसल्यामुळे तास अर्धा झाला की त्याचं लक्ष फक्त खिडकीकडे. गुरुजी समजूतदार होते. आम्ही त्याची जागा खिडकीपासून दूर केली, घंटेच्या आधी त्याला बोट दाखवून खूण करायची ठरवलं, आणि काही दिवसांनी हातोडी त्याच्याच हातात दिली. टोल कधी पडणार हे आता त्याला ठाऊक होतं, कारण तोच मारणार होता. बाकाखाली जाणं बंद झालं असं नाही. गणपतीत ढोल-ताशा वस्तीवर आला की तो अजूनही घरात कपाटाआड बसतो, आणि घरच्यांनी ते मान्य केलंय. पण वर्गात तो बसू लागला.

आपल्या शाळांचा सगळा डोलारा "हाताची घडी, तोंडावर बोट" यावर उभा आहे. ऑटिझम असलेल्या मुलांचे हात हलतात, अंग डुलतं, तोंडातून एकच सूर निघत राहतो. त्यातून ते स्वतःला सावरत असतात. कुणाला लागत नसेल, वर्ग खरोखर अडत नसेल, तर ते थांबवण्यात तुझा एक मिनिटही घालवू नकोस. "माझ्याकडे बघ" म्हणत हनुवटी धरून तोंड वळवणंही सोड. काही मुलांना डोळ्याला डोळा भिडवला की ऐकू येणंच कमी होतं. शिवाय मोठ्यांसमोर नजर खाली ठेवावी असं शिकवणारे आपण, याच मुलांच्या बाबतीत नजरेचा एवढा आग्रह का धरतो, हे मला आजवर उमगलेलं नाही. डेमियन मिल्टन हे स्वतः ऑटिस्टिक असलेले समाजशास्त्रज्ञ. त्यांनी 2012 मध्ये मांडलं की न समजणं हे दोन्ही बाजूंनी असतं. त्या मुलाला आपण कळत नाही तसा आपल्यालाही तो कळत नसतो. मग सगळी मेहनत त्यानेच का करायची?

हे न समजणं कसं दिसतं बघ. मुलगा तुझा हात ओढत म्हणतो, "तुला पाणी पाहिजे?" तू म्हणतेस, "नको रे बाळा, मला नको." तो ओरडतो, लाथ मारतो. त्याला तहान लागलेली असते. पाणी मिळतं तेव्हा आई नेहमी "तुला पाणी पाहिजे?" असं विचारते, म्हणून त्याच्या लेखी तेच पाण्याचं वाक्य आहे. त्याला "नीट बोल" असं दटावू नकोस. पाणी दे, आणि देताना त्याच्या वतीने बोल, "मला पाणी पाहिजे." रोज, न कंटाळता. टीव्हीवरच्या जाहिरातीची ओळ तो पुन्हा पुन्हा म्हणत असेल तर ती कधी म्हणतो ते आईला विचार. बहुतेक वेळा तिला त्याचा अर्थ आधीच माहीत असतो.

एक गैरसमज मात्र होऊ देऊ नकोस. मुलाला आहे तसं स्वीकारायचं म्हणजे त्याला काही शिकवायचं नाही असं नव्हे. शिकव, आणि मनापासून शिकव. संडासला जाणं, शर्टाची बटणं, एसटीचं तिकीट, दहाच्या नोटेचे सुटे. पण सगळ्यात आधी "नको" शिकव. बोलत नसेल तर हाताने, चित्राच्या कार्डाने. आपण या मुलांना ऐकायला शिकवतो, नुसतं ऐकायला, आणि मग कुणी नको तिथे हात लावला तरी ते ऐकूनच घेतात. ज्या मुलाचं "नको" वर्गात मानलं जातं, त्याला ते बाहेरही वापरता येतं. ही गोष्ट माझ्या फार जिव्हाळ्याची आहे, म्हणून तुला ठासून सांगते.

आई-वडील घायकुतीला आलेले असतात तेव्हा त्यांच्या दारात आणखीही माणसं येतात. अंगारे-धुपारेवाले तर आहेतच, पण त्याहून महाग पडतात ते "तीन महिन्यांत बोलता करतो" म्हणणारे. स्टेम सेलच्या, म्हणजे मूळ पेशींच्या उपचारांच्या नावाखाली लोक दागिने मोडतात, जमीन गहाण टाकतात. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमत्ता मंडळाने डिसेंबर 2022 मध्ये स्पष्ट केलं आहे की ऑटिझमवर स्टेम सेल उपचारांची शिफारस करता येत नाही आणि त्यांचा प्रचार करणं हे व्यावसायिक गैरवर्तन ठरेल. हे पाठ ठेव. सांगताना मात्र बापाच्या आशेवर हसू नकोस, आणि जमीन आधीच गेली असेल तर गप्प रहा.

दिव्यांग प्रमाणपत्राचं घाईने बोलू नकोस. कुटुंबाला तो शिक्का वाटतो, आणि मुलगी असेल तर "पुढे लग्नाचं काय" हे आलंच. आधी काय मिळतं ते सांग. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात 21 प्रकार आहेत, ऑटिझम आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता त्यात आहेत. दिव्यांगत्वाचं प्रमाण 40 टक्के किंवा अधिक असेल तर 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. दहावीला लेखनिक, जादा वेळ मिळतो. ऑटिझम किंवा बौद्धिक दिव्यांगत्व असेल तर केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत 1 लाखापर्यंतचा आरोग्य विमा आहे. मग निर्णय त्यांचा. जिल्हा रुग्णालयात मात्र पहिल्यांदा त्यांच्याबरोबर जा. ज्या मुलाला रांग, गर्दी आणि फिनाइलचा वास एकत्र सोसत नाही, त्याला घेऊन एकटी आई तिथे चार तास कशी उभी राहील?

वडिलांना सोडू नकोस. ते शाळेत येत नाहीत, संध्याकाळी उशिरा घरी सापडतात, पण मुलाचे केस कापायला तेच नेतात आणि न्हाव्याच्या खुर्चीत काय होतं ते त्यांनाच माहीत असतं. भावंडांनाही विसरू नकोस. मोठी बहीण असेल तर तिला "तू शहाणी ना" म्हणणारे गावभर असतात. तिला तिच्या अभ्यासाचं, तिच्या खेळाचं विचार.

आणि एक काम आत्तापासून डोक्यात ठेव. प्रत्येक मुलासाठी एक पान तयार कर. त्याला काय आवडतं, कशाची भीती वाटते, "नको" कसं सांगतो, रडायला लागला तर काय करावं आणि काय मुळीच करू नये. मे महिन्याची सुट्टी लागायच्या आधी आईला शेजारी बसवून, तिच्या शब्दांत लिही. तिला लिहिता येत नसेल तर ती सांगेल, तू लिही आणि तिला वाचून दाखव. शाळा उघडली की वर्ग बदलतो, शिक्षक बदलतात, आणि तिला तीच कहाणी पहिल्यापासून नव्या माणसापुढे सांगत उभं राहावं लागतं. ते पान पहिल्याच दिवशी नव्या वर्गशिक्षकांच्या हातात तू स्वतः दे, तिला सोबत घेऊन. पहिलं पान झालं की मला फोटो काढून पाठव, आपण दोघी मिळून बघू.

तुझी,
ताई