सूफी गाणी ऐकायला लागलीयेस ना, मग हे वाच

अगं, दर्गा, हिरवी चादर आणि गोल फिरणारा हिरो म्हणजे सूफी असं धरून बसू नकोस, आधी स्क्रीन बंद कर आणि नुसते शब्द ऐक. 'दिल से' (१९९८) मधलं छैया छैया घे, गुलजारांनी ते पंजाबी सूफी कवी बुल्लेशाहच्या थैया थैया वरून सुचून लिहिलंय, म्हणून आधी ती काफी, म्हणजे ते सूफी गीत, वाच, रुसलेल्या गुरूला मनवायला बुल्लेशाह नाचला अशी कथा सांगतात, आणि हे माहीत असलं की ट्रेनवरचा नाच वेगळाच दिसतो बघ. 'बरसात की रात' (१९६०) ची शेवटची कव्वाली मात्र तुकड्यातुकड्यात नको, पूर्णच ऐक, त्यात गीतकार साहिर थेट राधा आणि मीरेपर्यंत पोचतो, माझ्या मते तिचा जीव तिथेच आहे.

गाण्यातला प्रत्येक 'तू' म्हणजे देवच असं लगेच ठरवू नको, दोन्ही अर्थ राहू देत.

आणि आपण ग्वाल्हेरचे, हजीऱ्याला सूफी संत मुहम्मद गौस साहेबांचा मकबरा आहे, शेजारीच तानसेन, तिथे जाऊन बस जरा. मराठीत हवं असेल तर श्रीगोंद्याचे संतकवी शेख महंमद वाच, सूफी आणि वारकरी दोन्ही एकाच माणसात सापडतील.