पाखरांची विचारपूस : कैकर, घारी आणि घरट्याचा हंगाम

प्रश्न : कोयनेच्या शिवसागर जलाशयात बामणोलीच्या बाजूला पाण्यात उभ्या असलेल्या वाळक्या झाडावर मे महिन्यातही एक कैकर (ऑस्प्रे) रोज बसतो. मासा आणून तिथंच खातो. म्हणजे जवळपास घरटं असणार ना? ते कुठं शोधावं?
– एक वाचक, जावळी

उत्तर : घरटं शोधू नका, ते तिथं नाही. कैकर आपल्याकडचा हिवाळी पाहुणा. सप्टेंबर-ऑक्टोबरात येतो, मार्च-एप्रिलात उत्तरेला परततो आणि विणीचा हंगाम तिकडेच करतो. मग मे महिन्यात हा इथं काय करतोय? बहुतेक वेळा असा पक्षी आदल्या वर्षीचं पिल्लू असतं. पहिला उन्हाळा ही पिल्लं मुक्कामाच्या ठिकाणीच काढतात. जोडी जमवायला त्यांना साधारण तीन ते पाच वर्षं लागतात, तोवर परत जायची घाई नसते.

वय पिसांवरून ओळखायला जाल तर मे महिन्यात फसाल. लहान कैकराच्या पाठीवरच्या पिसांना फिकट कडा असतात, त्यामुळे पाठ खवल्यांसारखी दिसते. पण सहा-सात महिन्यांच्या उन्हापाण्यानं त्या कडा झिजून जातात. डोळा पिवळ्याऐवजी नारिंगी दिसला तर तो दुजोरा समजा.

वागण्यावरून मात्र नेमकं कळतं. विणीच्या काळात नर मासा पकडून आधी एखाद्या फांदीवर बसतो, डोक्याकडचा भाग स्वतः खातो आणि उरलेला मासा पंजात धरून घरट्याकडे नेतो. तिथं मादी आणि पिल्लं वाट पाहत असतात. तुमचा पक्षी डोक्यापासून शेपटीपर्यंत सगळा मासा एकटाच संपवतो, चोच फांदीला पुसतो आणि तासन्‌तास तिथंच बसून राहतो. त्याला कुणाचं पोट भरायचं नाही. नोंद जरूर ठेवा : किती वाजता मासा आणला, तो केवढा होता, किती वेळा सूर फुकट गेला. पाण्यात तो जेमतेम मीटरभर खोल जाऊ शकतो. त्यामुळे गढूळ पाणी आणि लाटा असलेल्या दिवशी त्याची शिकार चुकताना जास्त दिसेल.

प्रश्न : हरिपूरला नदीकाठच्या मोठ्या वडावर तांबूस अंगाच्या, पांढऱ्या डोक्याच्या घारींची जोडी जानेवारीपासून काटक्या नेतेय. हंगामभर त्यांच्या मागावर राहायचं आहे. पद्धत सांगाल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ही ब्राह्मणी घार. कैकराचं घरटं इथं पाहायला मिळत नाही, पण मासे खाणाऱ्या शिकारी पक्ष्याचा अख्खा संसार पाहायचा असेल तर कृष्णा-वारणेच्या संगमावर हिच्याइतका चांगला पक्षी नाही. डिसेंबर ते एप्रिल हा तिचा हंगाम, म्हणजे तुम्ही वेळेत आहात.

आधी जागा ठरवा. झाडापासून किमान शंभर मीटर दूर. पलीकडचा काठ किंवा एखाद्या घराची गच्ची मिळाली तर उत्तमच. ८×४२ किंवा १०×४२ची दुर्बीण पुरते. रोज तीच जागा, तीच वेळ, शक्यतो सकाळचे दोन तास. वेळ बदलत राहिलात तर काल तीनदा भक्ष्य आणलं आणि आज एकदाच, या फरकाला काही अर्थ उरत नाही. पक्षी उभा राहून तुमच्याकडे टक लावून पाहू लागला, ओरडू लागला किंवा झाडाभोवती घिरट्या घालू लागला, तर तुम्ही फार जवळ आहात. तिथून मागे सरा आणि पक्षी पुन्हा बसेपर्यंत लांबच राहा.

सगळ्यात महत्त्वाची तारीख पहिल्या अंड्याची, आणि नेमकी तीच चुकते. खालून अंडं दिसत नाही, म्हणून मादीची बैठक पाहायची. काटक्या रचण्याच्या दिवसांत ती घरट्यात येऊन-जाऊन असते, उभी राहते. अंडं घातल्यावर खोल बसते. बाहेरून फक्त डोकं किंवा शेपटीचं टोक दिसतं, आणि सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा ती तिथंच सापडते. नर-मादीचा रंग सारखाच असल्यानं रंगावरून काही ठरवू नका. अंडी बहुतेक मादीच उबवते आणि नर भक्ष्य आणून देतो, हाच धागा धरा.

आता हिशेब. अंडी साधारण दोन, उबवण २६-२७ दिवसांची. समजा १ फेब्रुवारीला मादी पक्की बसलेली दिसली, तर २८ फेब्रुवारीच्या आसपास पिल्लू निघेल. ५० ते ५६ दिवसांनी पिल्लं उडतात, म्हणजे १९ ते २५ एप्रिल. बैठकीची तारीख दोन-तीन दिवस इकडेतिकडे होणार, म्हणून वहीत ‘अंदाजे’ असं लिहाच. पिल्लू निघाल्याची खूण अशी : मादी घरट्याच्या कडेवर उभी राहून मान खाली घालते, चोचीतून लहान-लहान तुकडे हळूच खाली देते आणि नराच्या फेऱ्या वाढतात. आठ-दहा दिवसांत घरट्याखालच्या पानांवर पांढऱ्या विष्ठेचे शिंतोडे दिसू लागतात. याउलट ३५ दिवस उलटूनही मादी तशीच खोल बसलेली असेल, तर अंडी निकामी झाली असण्याची शक्यता मोठी. पाहायला झाडावर चढू नका. ड्रोन तर मुळीच नको.

बिघडतं कुठं तेही पाहा. माणसाच्या वर्दळीनं मादी उठली की कावळे अंड्यांवर टपलेलेच असतात, आणि मार्च-एप्रिलच्या दुपारी सावली धरायला आई नसेल तर इवल्या पिल्लांना ऊन सोसत नाही. घारी घरट्यात चिंध्या आणतात, त्यांबरोबर नायलॉनचा मांजा आणि जाळ्याचे तुकडेही येतात. पिल्लाचा पाय त्यात गुंतला की ते उडूच शकत नाही. काठावरचा मांजा आणि फाटकी जाळी हंगामाआधीच वेचून टाकलीत तर पुष्कळ काम होईल. दुसरं, ऊसतोडीनंतर झाडालगतच्या फडात पाचट पेटवू नये म्हणून शेजारच्या शेतकऱ्याशी बोला. पाचट कुजवलं तर जमिनीलाही लाभतं, हे त्यांना पटेल. घरट्याची जागा मात्र फोटोसोबत कुठंही टाकू नका. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार पक्ष्यांच्या घरट्याला किंवा अंड्यांना त्रास देणं शिकारीच्या व्याख्येतच मोडतं.

प्रश्न : शाळेतल्या मुलांना कैकराचं घरटं थेट कॅमेऱ्यावर दाखवायचं आहे. कोणत्या महिन्यात, किती वाजता?
– एक शिक्षिका, वाई

उत्तर : ब्रिटनमधल्या रटलंड वॉटरसारख्या ठिकाणचे कॅमेरे पाहा. तिथं १९९६ पासून कैकर पुन्हा वसवायला घेतले आणि २००१ मध्ये पहिली वीण झाली. पक्षी मार्चअखेरीस येतात, अंडी एप्रिलात, पिल्लं मेअखेर ते जूनच्या सुरुवातीला. आपली शाळा जूनच्या मध्यावर सुरू होते तेव्हा पिल्लं साधारण दोन आठवड्यांची असतात. जुलैत ती पंख फडफडवत उड्या मारू लागतात, ते मुलांना फार आवडेल. त्या काळात ब्रिटनची वेळ आपल्यापेक्षा साडेचार तासांनी मागे असते, म्हणजे तिथली सकाळची सहा ते आठ ही वेळ आपली साडेदहा ते साडेबारा.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवा. पहिलं अंडं घातल्यापासूनच उबवण सुरू होते, त्यामुळे पिल्लं काही दिवसांच्या अंतरानं निघतात. मासे कमी पडले तर सगळ्यात धाकटं उपाशी राहून मरू शकतं, आणि कॅमेऱ्यावर ते दिसतं. तसंच, ब्रिटनचे कैकर हिवाळ्यात पश्चिम आफ्रिकेला जातात. कोयनेवर येणारे हेच, असं मुलांना सांगू नका.

प्रश्न : घारीचं पिल्लू झाडाखाली पडलेलं सापडलं तर?
– एक वाचक, मिरज

उत्तर : पंख भरलेले असतील, अंग धड असेल आणि आईबाप वर घिरट्या घालत असतील तर कुत्र्या-मांजरांपासून लांब, जवळच्या उंच फांदीवर ठेवा आणि दुरून तासभर लक्ष ठेवा. कापसासारख्या पिसांचं लहान पिल्लू असेल, पंख लोंबत असेल किंवा रक्त दिसत असेल तर जाड टॉवेलमध्ये धरून, पंजे सांभाळून, भोकं पाडलेल्या खोक्यात ठेवा. खोकं अंधाऱ्या, शांत जागी ठेवून वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. दूध, पोळी, भात काहीही देऊ नका आणि चोच उघडून पाणी तर मुळीच ओतू नका. ते श्वासनलिकेत जातं आणि पिल्लू गुदमरतं.