आधी नशा की आधी धंदा?

प्रश्न: ताई, मी सोलापुरात रिक्षा चालवतो, रात्री स्टेशनच्या बाजूला थांबतो. तिथं उभी राहणारी एक बाई पाच-सहा वर्षांपासून तोंडओळखीची आहे. आधी कधीमधी प्यायची, आता पहाटे घरी सोडताना सुट्टे मोजता मोजता हात नुसते थरथरतात, नोटा माझ्याच हातात देते, तुम्हीच मोजा म्हणते. आधी क्वार्टर, मग चहा. स्टँडवरचे म्हणतात नशेपायीच या लाइनला लागली. खरंय का?

उत्तर: दादा, असंही होतं, पण तिच्या बाबतीत तर तुम्हीच उलटं लिहिलंय की! उभी आधीपासून होती, पिणं नंतर वाढलं. रात्रभर थंडीत थांबायचं, गिऱ्हाईक स्वतः पिऊन येणार, तिलाही पाजणार, शुद्धीत राहून सहन तरी कसं करायचं?

स्टँडवाले म्हणतात ते 1980 नंतरच्या ब्रिटन-अमेरिकेत जास्त दिसलं. एकोणिसाव्या शतकात लंडनला अफूचा अर्क दुकानात स्वस्तात मिळायचा, त्यासाठी कुणाला रस्त्यावर उभं राहायची गरज नव्हती. पुढं बंदी आली, माल चोरून आणि महाग झाला, मग रस्त्यावर हेरॉईन आलं, क्रॅक (ओढायचं कोकेन) आलं. हेरॉईन उतरलं की काही तासांत अंग मोडून येतं, नाक गळतं, पोटात पेटके, आणि क्रॅकची किक तर मिनिटांत जाते. म्हणजे पुढच्या डोसचे पैसे आत्ताच पाहिजेत, मग दर पडतो, विनाकंडोम म्हणणाऱ्यालाही नाही म्हणता येत नाही, नको त्या गाडीत बसावं लागतं. इंग्लंडमध्ये इप्सविचला 2006 साली 5 बायकांचे खून झाले, पाचही जणी व्यसनात अडकलेल्या. नंतर त्या गावानं उपचार, राहायची सोय असं सगळं एकत्र केलं तेव्हा कुठं रस्त्यावरच्या बायका कमी झाल्या. नुसतं पोलिसांनी हाकलून काय होतं, या चौकातली त्या चौकात जाते.

आता तुमच्या बाईचं. सकाळचा थरकाप म्हणजे दारू उतरतेय. तिला "आजपासून बंद कर" असं अजिबात सांगू नका, एकदम सोडली तर फिट येऊ शकते, माणूस भ्रमिष्टही होतो, जीवावर बेततं. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सुटते ती. व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन 14446 आहे, फोन फुकट आहे. तिच्याकडे मोबाइल नसेल तर तुमच्यावरून लावून द्या, बोलू मात्र तिलाच द्या. आणि पैसे मोजून देताय ते चालू ठेवा.