टेस्टिंग तर कंपन्या करतातच, मग रिसर्च कशाला?

प्रश्न: ताई नमस्कार, मी सोलापूरची, कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. अक्कलकोट रोड एमआयडीसीत पप्पांचा टॉवेलचा कारखाना आहे, तिथलं बिलिंगचं सॉफ्टवेअर पार्टीचं नाव जरा लांबलचक टाकलं की बंदच पडतं, अर्धं केलेलं बिलपण जातं. मला एम.टेक.ला सॉफ्टवेअर सेक्युरिटीवर काम करायचंय, पण पप्पा म्हणतात टेस्टिंग तर कंपन्या करतातच की, कॉलेजात बसून त्यात रिसर्च कसला करणार? त्यांना काय सांगू?

उत्तर: अगं, त्यांना त्यांचंच बिलिंग दाखव. कितव्या अक्षराला पडतं ते मोज, मग तेच नाव इंग्रजीत टाकून बघ. यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं कॉम्प्युटरात साठवायची नेहमीची पद्धत) देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट खातं, इंग्रजी अक्षर १ च, त्यामुळं मराठी नावाला लवकर पडत असेल तर आलेला मजकूर केवढा आहे हे न बघताच तो ठरलेल्या जागेत कोंबला जातोय असा दाट संशय घ्यायचा. फक्त हे चालू डेटावर नको, कॉपी करून घे.

हा सगळा विषय अशाच पडापडीतनं वाढलाय. १९८८ साली अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठाचे बार्टन मिलर वादळी रात्री घरून फोनच्या लाइनवर कॉम्प्युटरला जोडलेले, लाइनला खरखर, त्यामुळं कमांडमध्ये मधेच भलतीच अक्षरं घुसायची आणि तेवढ्यानं युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचे रोजच्या वापरातले प्रोग्राम पडायला लागले. मग त्यांनी विद्यार्थ्यांना प्रोजेक्टच दिला की मुद्दाम वेडीवाकडी अक्षरं तयार करून प्रोग्रामला द्यायची. १९९० ला पेपर आला, तपासलेल्या युनिक्समध्ये २५ ते ३३ टक्के प्रोग्राम पडले होते. हेच फझिंग. आणि त्याच १९८८ च्या नोव्हेंबरात मॉरिस वर्म हा नेटवर्कवरून आपोआप पसरणारा प्रोग्राम पसरला, त्याची आत शिरायची एक वाट म्हणजे असाच मोजमाप न करता कोंबलेला मजकूर होता. पप्पांना हे नीट सांग, आज नुसतं बिल जातंय, पण तसल्याच चुकीतनं उद्या कुणी आतपण येऊ शकतं.

कंपन्या टेस्टिंग करतात हे खरंय, पण माणूस त्याला सुचेल तेवढंच तपासतो. युटा विद्यापीठातल्या लोकांनी सीस्मिथ नावाचं टूल केलं, ते आपोआप सी भाषेतले प्रोग्राम तयार करून कंपायलरला, म्हणजे लिहिलेला कोड मशीनच्या भाषेत बदलणाऱ्या प्रोग्रामला देतं, २०११ च्या त्यांच्या पेपरात कंपायलरमध्ये सापडलेल्या ३२५ च्या वर चुकांची नोंद आहे आणि त्यात जीसीसी, एलएलव्हीएमसारखे जगभर वापरले जाणारे कंपायलर आलेत. फ्रान्सचा कॉम्पसर्ट हा कंपायलर मात्र बरोबर चालतो हे गणितानं सिद्ध केलेलं, त्याच्या सिद्ध केलेल्या भागात चुकीचा कोड सापडला नाही, जे सापडलं ते बाहेरच्या भागात. मला हा निकाल फार मोठा वाटतो. पण सिद्ध करणं महाग पडतं. ऑस्ट्रेलियात २००९ साली सेल-फोर हा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, असाच सिद्ध केला, सीच्या साधारण ८,७०० ओळी आणि मेहनत सुमारे २० मनुष्य-वर्षांची! हा खर्च खाली आणणं, हा रिसर्च.

आयआयटी मुंबईत यावर काम चालतं, अर्ज करायच्या आधी तिथल्या प्राध्यापकांचे पेपर वाच. आत्ता लिनक्सवर एएफएल प्लस प्लस हे फझिंगचं टूल टाक, फुकट आहे, फोटो वाचणारी एखादी छोटी ओपन सोर्स लायब्ररी अॅड्रेस सॅनिटायझर (मेमरीतल्या चुका लगेच पकडणारं टूल) लावून कंपाइल कर, एएफएलला दे आणि रात्रभर चालू ठेव. काही पडलं तर आधी ती लायब्ररी सांभाळणाऱ्यांना खासगीत कळव, ग्रुपवर टाकू नको.