अहवाल लिहिताना

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

कोविड महामारीच्या वर्षाचा विद्यापीठाचा अहवाल लिहायचं काम तुझ्याकडे आलं, याचा मला मनापासून आनंद झाला. त्या वर्षी तू स्वतः पहिल्या वर्षाला होतीस, त्यामुळे तुला ते आतून ठाऊक आहे. तू पाठवलेला मसुदा मी दोनदा वाचला. भाषा स्वच्छ आहे, तक्ते नीट आहेत. पण त्यात सगळीच माणसं तरून गेलेली दिसतात. तसं झालं नव्हतं, हे तुलाही माहीत आहे.

पहिलं वाक्यच बघ. ‘विद्यापीठाने सर्व उपक्रम अखंडित चालू ठेवले.’ विद्यापीठ म्हणजे कोण? आमच्या विभागात द्रवरूप नायट्रोजनची टाकी आहे. उणे १९६ अंश सेल्सिअसला तिच्यात पेशींचे नमुने ठेवलेले असतात. काहींवर पंधरा-पंधरा वर्षांची मेहनत आहे. नायट्रोजन रोज थोडा उडून जातो. भर घातली नाही, तर काही आठवड्यांत सगळं संपतं. सगळा परिसर बंद असताना आमचे प्रयोगशाळा परिचर आठवड्यातून दोनदा यायचे. टाकीत पट्टी बुडवायची, बाहेर काढून हवेत धरायची. जिथवर द्रव असेल तिथवर पट्टीवर पांढरं हिम धरतं. तेवढे सेंटिमीटर वहीत लिहायचे आणि सही करायची. त्या वाफेने खोलीतला ऑक्सिजन कमी होतो, म्हणून एकट्याने आत जायचं नसतं. दारात उभं राहायला सुरक्षारक्षक यायचा. म्हणून वहीत प्रत्येक तारखेपुढे दोन सह्या आहेत. तुझ्या तक्त्यात आमच्या विभागाचे जे शोधनिबंध मोजलेत, त्यातले बरेचसे याच पेशींवरचे आहेत. परिचरांचा आणि रक्षकाचा उल्लेख मात्र मसुद्यात कुठेच नाही.

जगभरातल्या विद्यापीठांच्या कामाबद्दल तू दोन परिच्छेद लिहिलेस ते ठेव, फक्त त्यात ‘अल्पावधीत’ हा शब्द चारदा आलाय. तो मला खटकतो. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातला रुग्णसंख्येचा नकाशा २२ जानेवारी २०२० ला सुरू झाला. तो एन्शेंग डाँग या पीएचडीच्या विद्यार्थ्याने आणि त्याच्या मार्गदर्शक लॉरेन गार्डनर यांनी उभा केला. साथी कशा पसरतात यावर ही मंडळी आधीपासून काम करत होती, म्हणून ते जमलं. कोविडवरची औषधं तपासणाऱ्या, ऑक्सफर्ड विद्यापीठाने चालवलेल्या ‘रिकव्हरी’ चाचणीत पहिला रुग्ण मार्चमध्ये दाखल झाला आणि १६ जूनला निष्कर्ष जाहीर झाला: डेक्सामेथासोन या जुन्या, स्वस्त औषधाने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांमधले मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात. ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती, त्यांना मात्र फायदा दिसला नाही. ही दुसरी ओळही लिही. आणि एमआरएनए लशींचं (पेशींना प्रथिन बनवायचा निरोप देणाऱ्या लशींचं) मूळ कातालिन कारिको आणि ड्रू वाइसमन यांच्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधनात आहे. त्यांचा महत्त्वाचा निबंध २००५ चा. त्या काळी त्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही, आणि कारिकोंची तर त्याआधीच पदावनती झाली होती. नोबेल मिळालं २०२३ मध्ये. म्हणून ‘अल्पावधीत’ काढ आणि तिथे ‘आधीपासून’ लिही. आपल्याकडे आधीपासून काय तयार होतं आणि काय नव्हतं, हे अहवालात सगळ्यात जास्त उपयोगाचं आहे. पुढच्या वेळी कुणी हा कागद उघडेल ते त्यासाठीच.

न्यूटनची गोष्ट मात्र गाळ. १६६५ मध्ये प्लेगमुळे केंब्रिज बंद झालं, तो घरी गेला आणि तिथे त्याने गणित-प्रकाशावर मोठं काम केलं, हे खरंच आहे. पण त्या वर्षी ही गोष्ट सांगून आम्ही कितीतरी मुलांच्या मनात अपराधीपणा भरला. न्यूटनकडे स्वस्थ घर होतं आणि वेळ होता. एका खोलीत आजाऱ्याची उशापायथ्याशी सेवा करत परीक्षा देणाऱ्याला ती गोष्ट ऐकवू नये.

आता जे लिहायला मला जड जातंय ते. दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा माझ्या दहाच्या ऑनलाइन तासाला कधीच दिसायचा नाही. मी गैरहजेरी लावत गेले. तासांचं रेकॉर्डिंगही मी देत नव्हते, कारण दिलं की मुलं तासाला बसणार नाहीत असं मला वाटायचं. सहा आठवड्यांनी मी फोन केला. घरात एकच फोन आणि शिकणारी भावंडं तीन. याच्या वाट्याला फोन यायचा रात्री. रेकॉर्डिंग असतं तर तो शिकला असता. मी फोन केला तोवर त्याने काम धरलं होतं, आणि तो परत आला नाही. चूक माझी होती. त्यानंतर आम्ही प्रत्येकी वीस मुलं वाटून घेतली. आठवड्याला एकेकाला फोन करायचा, अभ्यासाचं नंतर विचारायचं. काही मुलं त्यामुळे टिकली. पण ती पद्धत एका मुलाच्या जाण्यातून आली. तुझ्या मसुद्यात पद्धत आहे, मुलगा नाही. त्याचं नाव नको, ओळख पटेल असंही काही नको, पण ती घटना अहवालात यायलाच हवी. ‘उत्तीर्णांचं प्रमाण’ या तक्त्याशेजारी ज्यांनी परीक्षेचा अर्जच भरला नाही त्यांचा रकाना टाक. तो आकडा परीक्षा विभागाकडे असतो, मागितल्याशिवाय कुणी देत नाही. कुणी म्हणालं की याने विद्यापीठाची प्रतिमा खराब होते, तर माझ्याकडे पाठव.

जे खरोखर सुधारलं, ते निःसंकोच लिही. रेकॉर्डिंग आता सगळेच देतात. दूरचे परीक्षक पडद्यावरून मौखिकी घेतात, त्यामुळे प्रबंध महिनोन्‌महिने अडकत नाहीत. पुस्तक उघडं ठेवून परीक्षा घ्यावी लागली, तेव्हा आम्हाला प्रश्न काढायला नव्याने शिकावं लागलं. पाठांतर तपासणारा प्रश्न त्या पेपरात टिकतच नाही.

आणखी एक. ती नायट्रोजनची वही अजून खिडकीजवळच्या कपाटात आहे. परिचर पुढच्या महिन्यात निवृत्त होताहेत. त्याआधी त्यांना भेट, चहाच्या सुट्टीत नको, निवांत अर्धा तास काढून जा. नाव छापलेलं चालेल का, हे त्यांना आणि रक्षकाला आधी विचार. आणि पानांचे फोटो काढून घे, एप्रिल-मेच्या पानांवरची शाई फिकी पडत चालली आहे.

तुझी,
मॅडम